मॅग्नस: लॅटिन बिरुद नॉर्वेचं नाव कसं झालं

प्रश्न असा आहे: बुद्धिबळामुळे मॅग्नस हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. पण ते मूळचं नॉर्वेचं आहे की लॅटिन? वायकिंग लोकांमध्ये ते होतं का? आणि कार्लसनच्या आधी ते कुणाकुणाचं होतं?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर शब्द लॅटिन आहे, व्यक्तिनाम मात्र नॉर्वेचं. जुनी नॉर्स (वायकिंग लोकांची भाषा) आणि सागावाङ्मय (आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या जुन्या गद्य कथा) शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळा ज्या नावाबद्दल विचारलं गेलं, ते हेच. नावांच्या यादीत ‘मॅग्नस म्हणजे महान’ एवढंच लिहिलेलं असतं. ते चूक नाही, पण एवढ्यावर थांबलं की नावाचा खरा इतिहास हातातून निसटतो. बहुतेक नावं नेमकी कधी आणि कशी रूढ झाली हे काळाच्या पोटात गडप झालेलं असतं. मॅग्नसच्या बाबतीत मात्र एक विशिष्ट रात्र, एक अशक्त तान्हं मूल आणि एक धीट कवी यांची हकिकत आपल्यापर्यंत पोचली आहे.

आधी पार्श्वभूमी. रोमन लोकांमध्ये ‘मॅग्नस’ हे मुख्यतः बिरुद म्हणून वापरात होतं. फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन (मृत्यू 814) याला लॅटिनमध्ये ‘कारोलुस मॅग्नस’, म्हणजे थोर कार्ल, म्हणत. उत्तरेकडच्या लोकांनी ही दोन पदं जोडून एकच नाव केलं: कार्लामाग्नूस. जुन्या नॉर्समध्ये दोन घटक जोडून नाव बनवण्याची पद्धत जुनीच होती. थोरस्टाइन, सिगुर्ड, आल्फहिल्ड ही सगळी तशीच नावं. त्यामुळे ऐकणाऱ्याला कार्लामाग्नूसमधला दुसरा भाग बिरुद वाटण्याऐवजी नावाचाच तुकडा वाटणं साहजिक होतं.

आता त्या रात्रीकडे येऊ. साल 1024 च्या आसपासचं. नॉर्वेच्या गादीवर ओलाव हाराल्डसन होता. मृत्यूनंतर संत ठरलेला तोच हा ओलाव. त्याच्या घरात आल्फहिल्ड नावाची एक दासी होती. ती चांगल्या कुळातली होती, असंही सागा सांगते. तिला राजापासून दिवस गेले. एका रात्री ती बाळंत झाली. जवळ काही बायका, एक धर्मगुरू, आइसलँडचा कवी सिग्वात थोर्दरसन आणि आणखी एक-दोघं, एवढीच माणसं होती. आल्फहिल्डची अवस्था फार वाईट होती आणि मूल जिवंत आहे की नाही हेही बराच वेळ कळेना. शेवटी त्यानं श्वास घेतला, पण अगदी क्षीण. धर्मगुरू सिग्वातला म्हणाला, जा, राजाला कळव. सिग्वातनं नकार दिला, कारण राजा स्वतःहून जागा होईपर्यंत त्याला कुणीही उठवायचं नाही असा सक्त हुकूम होता. इकडे मुलाचा बाप्तिस्मा तर लगेच व्हायला हवा होता. ते सकाळ बघेल याची खात्री नव्हती. तेव्हा सिग्वातनं सगळी जबाबदारी अंगावर घेतली, बाप्तिस्मा करायला लावला आणि नावही स्वतःच ठरवलं.

सकाळी राजा संतापला. मला न विचारता माझ्या मुलाचा बाप्तिस्मा करण्याची हिंमत कशी केलीस, असं त्यानं विचारलं. सिग्वातच्या उत्तराचा मतितार्थ असा: एक माणूस सैतानाच्या हाती जाऊ देण्यापेक्षा दोघं देवाच्या हाती गेलेले बरे. मूल बाप्तिस्म्याशिवाय मेलं असतं तर सैतानाचं झालं असतं. माझं म्हणाल तर तुम्ही फार तर माझा जीव घ्याल, आणि अशा कारणासाठी जीव गेला तर मी देवाचाच होईन. मग राजाचा दुसरा प्रश्न आला, आणि नावाच्या अभ्यासकाला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. हे मॅग्नस नाव कुठून काढलंस? आपल्या घराण्यातलं तर हे नाव नाही. सिग्वात म्हणाला, कार्लामाग्नूस राजावरून ठेवलं. माझ्या माहितीत जगात त्याच्यासारखा उत्तम पुरुष झाला नाही. राजाचा राग निवळला आणि तुझं नशीब थोर आहे, असं तो कवीला म्हणाला.

राजाच्या त्या आक्षेपाचं वजन समजायला हवं. नॉर्वेच्या राजघराण्यात हाराल्ड, ओलाव, हाकोन, सिगुर्ड अशी ठरलेली नावं फिरत असत. नाव हा वारसा होता, गादीवरच्या हक्काची ती खूण होती. मुलाला मृत आजोबा, काका किंवा पूर्वजाचं नाव दिलं की त्याचं भाग्य मुलाकडे येतं, अशी श्रद्धा होती. नातवाला आजोबांचं नाव देण्याची रीत आपल्याकडच्या कितीतरी घरांत आहे, म्हणून यातली निकड मराठी माणसाला चटकन कळेल. दासीपुत्राला घराण्याबाहेरचं नाव देणं म्हणजे त्याला वारशातून वगळण्यासारखं झालं असतं. सिग्वातनं मात्र त्याला घराण्याहून मोठ्या, सगळ्या ख्रिस्ती युरोपच्या सम्राटाचं नाव दिलं. ही निवड घाईत झाली खरी, पण ती अडाणी नव्हती, असं माझं ठाम मत आहे. ओलाव स्वतः शार्लमेनसारखा ख्रिस्ती राजा होऊ पाहत होता. त्याच्या एका जहाजाचं नाव कार्लहौव्दी, म्हणजे ‘कार्लचं मस्तक’, असं होतं आणि जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एका राजाचं शिर कोरलेलं होतं. ते शार्लमेनचंच असावं, असं काही अभ्यासक मानतात. मालकाच्या मनातली मूर्ती कोणती हे दरबारी कवीला पक्कं ठाऊक असणार.

ही हकिकत आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन यानं 1230 च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर सुमारे 200 वर्षांनी लिहिली. त्यातला संवाद शब्दशः खरा धरायचं कारण नाही. पण गाभा भक्कम वाटतो: हे नाव घराण्यात आधी नव्हतं, आणि पुढे सिग्वात या मुलाच्या बाजूनं जसा उभा राहिला, तसा जवळचा माणूसच राहतो.

ते कसं, तेही सांगतो. 1030 मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत ओलाव मारला गेला. मुलगा तेव्हा रशियातल्या नोव्हगोरोडला, तिथला राजा यारोस्लाव याच्या आश्रयाला होता. 1035 मध्ये त्याला परत आणून राजा करण्यात आलं, तेव्हा तो जेमतेम अकरा वर्षांचा होता. वडिलांविरुद्ध लढलेल्या शेतकऱ्यांवर तो सूड उगवू लागला, त्यांच्या जमिनी जप्त करू लागला. प्रजा बंडाच्या काठावर आली. राजाला सांगायचं कुणी, यावर चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि ते काम सिग्वातकडे आलं. त्यानं ‘बेरसोग्लिस्वीसुर’, म्हणजे परखड बोलाच्या कविता, रचून राजाच्या तोंडावर म्हटल्या. तुझे पूर्वज कायद्यानं वागले म्हणून लोकांना प्रिय झाले, तू दिलेला शब्द मोडतो आहेस, असा त्यांचा आशय. तरुण राजानं ते ऐकलं आणि वागणं बदललं. इतिहासात तो ‘मॅग्नस द गुड’, म्हणजे भला मॅग्नस, म्हणून राहिला. 1042 मध्ये डेन्मार्कही त्याच्याकडे आलं. 1047 मध्ये तो वारला, पंचविशीही न गाठता. ज्यानं नाव दिलं त्यानंच पुढे ते नाव राखायला लावलं. सागावाङ्मयात मला हा भाग फार प्रिय आहे.

मॅग्नसला मुलगा नव्हता, तरी नाव टिकलं. त्याचा सहराजा आणि काका हाराल्ड हार्डरोडे याच्या घरी, भल्या मॅग्नसच्या मृत्यूनंतर लगेच जन्मलेल्या मुलाचं नाव मॅग्नस ठेवलं गेलं. तो 1069 मध्ये वारला. त्यानंतर त्याचा भाऊ ओलाव याला झालेला मुलगा पुन्हा मॅग्नस. जो गेला त्याचं नाव पुढच्या मुलाला, ही जुनी रीत या परक्या नावालाही लागू झाली. पन्नास वर्षांच्या आत ते घराण्याचं झालं. आणि गंमत अशी की जो शब्द मुळात बिरुद होता, त्यालाच आता वेगळी बिरुदं लागू लागली, कारण मॅग्नस पुष्कळ झाले: भला, अनवाणी, आंधळा, कायदे सुधारणारा.

अनवाणी मॅग्नस (राज्यकाळ 1093 ते 1103) हा त्यातला सगळ्यात लढवय्या. पश्चिमेकडच्या बेटांत फिरून त्यानं तिथला आखूड पोशाख उचलला, पाय उघडे ठेवून तो हिंडे, म्हणून हे नाव पडलं, असं स्नोरी सांगतो. आयर्लंडमध्ये अल्स्टरला तो मारला गेला.

त्याच्याच आरमारात दुसरा एक मॅग्नस होता, आणि नावाच्या प्रसारात त्याचा वाटा कुठल्याही राजापेक्षा मोठा आहे. हा ऑर्कनी बेटांच्या सरदार घराण्यातला मॅग्नस एर्लेंडसन. स्कॉटलंडच्या उत्तरेची ही बेटं तेव्हा नॉर्वेच्या सत्तेखाली होती. 1098 मध्ये वेल्सजवळ मेनाईच्या सामुद्रधुनीत लढाई जुंपली तेव्हा, इथल्या कुणाशीच माझं वैर नाही, असं म्हणून यानं शस्त्र घ्यायला नकार दिला. बाणांचा वर्षाव चालू असताना तो आडोसाही न घेता स्तोत्रं म्हणत बसला. राजाला तो भित्रा वाटला. पुढे तो जहाजावरून निसटला. काही वर्षांनी ऑर्कनीची सत्ता तो आणि त्याचा चुलतभाऊ हाकोन यांच्यात विभागली गेली आणि तंटा पेटला. 1117 च्या सुमारास एगिल्से बेटावर समेटाची भेट ठरली. दोघांनी दोन-दोन जहाजं आणायची असं ठरलं होतं. हाकोन आठ घेऊन आला. मॅग्नसला मारायचा हुकूम त्यानं निशाणधाऱ्याला दिला, त्यानं साफ नाकारलं. मग हाकोनच्या आचाऱ्यावर, लिफोल्फवर, ते काम लादलं गेलं. तो रडू लागला, तेव्हा मॅग्नसनंच त्याला धीर दिला आणि सांगितलं, चोरासारखी मान तोडू नकोस, समोर उभा राहून डोक्यावर घाव घाल.

पुढे लोक त्याला संत मानू लागले. त्याचा भाचा रोग्नवाल्ड यानं 1137 मध्ये कर्कवॉल इथे त्याच्या नावानं कॅथेड्रल बांधायला घेतलं. लाल आणि पिवळ्या दगडाचं ते देऊळ आजही उभं आहे. 1919 मध्ये डागडुजी चालू असताना तिथल्या एका खांबात लाकडी पेटी सापडली. आत अस्थी होत्या आणि कवटीवर जबर घावाची खूण. सागेतला तो डोक्यावरचा घाव आणि ही कवटी एकमेकांशी जुळतात. फेरो बेटांवर किर्क्यूबोरलाही मॅग्नस कॅथेड्रलचे अवशेष आहेत. राजाचं नाव उच्च कुळांत फिरतं. संताचं नाव मात्र कोळ्याच्या आणि शेतकऱ्याच्या मुलालाही ठेवता येतं. ऑर्कनी आणि शेटलंडमध्ये मॅग्नस हे अगदी साध्या घरातलं नाव झालं ते या संतामुळे.

परत नॉर्वेत येऊ. मॅग्नस एर्लिंगसन हा आईकडून राजवंशाचा. 1163-64 च्या सुमारास लहानपणीच त्याला मुकुट चढवला गेला. चर्चच्या हातून झालेला नॉर्वेतला हा पहिला राज्याभिषेक. त्याच्याविरुद्ध स्वेरे नावाचा दावेदार उभा राहिला आणि 1184 मध्ये सोग्नफ्योर्डमधल्या फिमरेइटेच्या नाविक लढाईत मॅग्नस मारला गेला. नाव तिथेच पराभूतांचं नाव म्हणून संपायला हवं होतं. पण स्वेरेच्या पणतूचंच नाव मॅग्नस ठेवलं गेलं. म्हणजे जिंकणाऱ्या घराण्यानं हरलेल्या राजाचं नाव आपलंसं केलं.

हा पणतू म्हणजे मॅग्नस लागाबोटे, ‘कायदे सुधारणारा’ (राज्यकाळ 1263 ते 1280). माझ्या मते सगळ्या मॅग्नसांमध्ये सर्वांत मोठं काम याचं. 1266 च्या पर्थच्या तहात हेब्रिडीज आणि आइल ऑफ मॅन ही बेटं त्यानं 4000 मार्क आणि वार्षिक 100 मार्कांच्या बदल्यात स्कॉटलंडला देऊन टाकली. ज्या बेटांसाठी अनवाणी मॅग्नस झुंजला ती सोडून देण्याचं शहाणपण त्याच्याकडे होतं. 1274 मध्ये त्यानं सगळ्या नॉर्वेसाठी एकच कायदा आणला. तोवर प्रत्येक प्रदेशाचा आपापला कायदा असे. खुनाचा बदला खुनानं घेण्याची रीत त्यानं मागे सारली, आणि जीव जगवण्यासाठी उपाशी माणसानं अन्न चोरलं तर त्याला शिक्षा नाही, असंही त्यात घातलं. हा कायदा 1687 पर्यंत, म्हणजे 400 वर्षांहून जास्त काळ, नॉर्वेत चालला. राजा आणि चर्च यांच्यातला 1277 चा महत्त्वाचा करार त्यानं तुन्सबेर्ग इथे केला. हे गाव म्हणजे आजचं टोन्सबेर्ग, आणि 30 नोव्हेंबर 1990 रोजी मॅग्नस कार्लसन जन्मला तो याच गावात. त्याचं पूर्ण नाव स्वेन मॅग्नस ओएन कार्लसन. 2013 मध्ये चेन्नईत विश्वनाथन आनंदला 6.5-3.5 असं हरवून तो जगज्जेता झाला, आणि हे नाव आपल्या वर्तमानपत्रांत रोजचं झालं.

स्वीडनचं थोडक्यात सांगतो. तिथला मॅग्नस लादुलोस (राज्यकाळ 1275 ते 1290) याच्या बिरुदाचा अर्थ ‘कोठाराचं कुलूप’. प्रवासात शेतकऱ्यांच्या घरी फुकट खाणाऱ्या-पिणाऱ्या सरदारांना त्यानं बंदी घातली, म्हणजे गरिबाच्या कोठाराला कुलूप लावलं, असा लोकांनी लावलेला अर्थ. मॅग्नस एरिकसन 1319 मध्ये, वयाच्या तिसऱ्या वर्षी, स्वीडन आणि नॉर्वे दोन्हींचा राजा झाला. 1335 मध्ये त्यानं स्वीडनच्या काही भागात गुलामगिरी बंद केली.

कागदपत्रांत हे नाव शोधणाऱ्यांनी त्याची रूपं ओळखायला शिकलं पाहिजे. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ‘ग’ नाकात जातो आणि ‘मांग्नुस’ असं ऐकू येतं. डेन्मार्कमध्ये तो विरघळून ‘माउनुस’सारखं काहीतरी होतं. त्यातूनच डॅनिश मोगेन्स हे रूप आलं. 1972 मध्ये करविरोधी पक्ष काढणारा मोगेन्स ग्लिस्ट्रुप हा नावानं मॅग्नसच. स्वीडिश रूप मोन्स: 2015 ची युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकणारा मोन्स सेल्मेर्लोव. फिनलंडचे 1982 ते 1994 या काळातले राष्ट्राध्यक्ष माउनो कोइविस्तो, त्यांचंही नाव याच मुळाचं. आयर्लंडमधलं मॅकमॅनस हे आडनाव म्हणजे ‘मॅग्नसचा मुलगा’.

एक सावधगिरी मात्र बाळगा: माग्ने हे नॉर्वेजियन नाव मॅग्नसचं लघुरूप नाही. ते देव थोरचा मुलगा माग्नी याच्या नावाचं, नॉर्स मुळातलं. ‘मागन’ म्हणजे बळ. आ-हा या वाद्यवृंदातल्या माग्ने फुरुहोल्मेनचं नाव त्या कुळातलं. दोन्ही शब्दांचा ध्वनी इतका जवळचा असल्यामुळे मॅग्नस नॉर्स कानाला परकं वाटलं नसावं, हा माझा कयास.

आइसलँडमध्ये आडनावाऐवजी वडिलांचं नाव लागतं: मुलगा माग्नूसोन, मुलगी माग्नूसदोत्तिर. तिथल्या जुन्या हस्तलिखितांचा सगळ्यात मोठा संग्राहक आर्नी माग्नूसोन (1663 ते 1730). त्याचा संग्रह ‘आर्नामाग्नीअन’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे बापलेकांची दोन्ही नावं त्यात आली. 1728 च्या कोपनहेगनच्या आगीतून त्यानं बहुतांश हस्तलिखितं वाचवली. ब्रिटनमध्ये 1972 ते 1997 ‘मास्टरमाइंड’ हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालवणारे मॅग्नस मॅग्नसन रेक्याविकला जन्मले. वडिलांचं नाव सिगुरस्टेइन, म्हणून आइसलँडच्या रीतीनं ते मॅग्नस सिगुरस्टेइनसन झाले असते. पण घर एडिंबराला हललं आणि आजोबांचं नाव आडनाव होऊन राहिलं.

वायकिंग काळाचा प्रश्न राहिला. वायकिंग युग साधारण 793 ते 1066 असं धरतात, आणि हे नाव त्याच्या शेवटच्या चाळीस-पन्नास वर्षांतलं आहे, तेही राजघराण्यापुरतं. नवव्या शतकातल्या वायकिंग पात्राचं नाव मॅग्नस दिसलं, तर ते काळाला धरून नाही, असं बेलाशक समजा. थोरस्टाइन, सिगुर्ड, इवार ही नावं तिथे शोभतील.

आणि आजचा राजवाडा? नॉर्वेचे युवराज हाकोन यांना 3 डिसेंबर 2005 रोजी मुलगा झाला, त्याचं नाव स्वेरे मॅग्नस. फिमरेइटेच्या पाण्यात एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन राजांची नावं त्या घरानं एकाच मुलाला दिली आहेत.